शिंगांना तेल, पायात बूट

पायात घालायच्या वस्तूला आपल्याकडं नावं पुष्कळ. वहाण, पायताण, खेटर, जोडा, चप्पल, बूट. यातलं एकही नाव आपण धड मानानं घेत नाही. भांडण पेटलं की पायताण हातात येतं. मोर्चा निघाला की पुतळ्याला जोडे मारतात. घरातल्या बाईला 'पायातली वहाण पायातच बरी' असं ऐकवणारे अजूनही गावोगाव आहेत. आणि नोकरीसाठी माणूस काय झिजवतो? तर जोडेच. इतक्या हलक्या मानलेल्या वस्तूवरून माणसाचं वजन करायचं, ही रीत खरी की खोटी, आणि त्या रीतीपुढं कास्तकाराच्या पोरानं मान तुकवावी की नाही, यावर आमच्या बीबीत 2025 च्या जानेवारीत चांगला आठ दिवस खल चालला होता.

बीबी म्हणजे लोणार तालुक्यातलं, मेहकर ते सिंदखेडराजा रस्त्यावरचं गाव. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला होता. पुण्याच्या एका कंपनीतून त्याला मुलाखतीचा मेल आला. वेळ, पत्ता, आणायची कागदपत्रं, आणि शेवटी एक ओळ, फॉर्मल ड्रेसमध्ये यावे. शर्ट-पँटचं जमलं. प्रश्न उरला बुटाचा. पोराजवळ एक चप्पल आणि भरतीच्या पोरांसोबत पळायला घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. ते पांढरे म्हणायचे एवढंच, काळ्या मातीनं त्यांचा रंग कधीचाच खाल्ला होता.

आमच्या गल्लीत तेव्हा एक सामायिक बूट होता. काळा, लेसवाला, आठ नंबरचा. मूळ एका मास्तरच्या पोराचा. तो नोकरीला लागला आणि बूट मागं राहिला. मग ज्याची मुलाखत असेल तो पोरगा तो बूट घेऊन जायचा. पाय लहान असला तर पुढं कापूस कोंबायचा. तीन पोरं त्या बुटानं नोकरीला लावली असं बाया म्हणायच्या, आणि त्यांच्या बोलण्यात आता बुटालाच थोडं देवपण आलं होतं. पुतण्यासाठी तो बूट मागायचा ठरला आणि ओट्यावर वादाला तोंड फुटलं.

निवृत्त गुरुजी म्हणाले, "मागून आणलेला बूट घालून साहेबापुढं बसणं म्हणजे खोटं बोलणंच हाय. तोंडानं नाही, पायानं."

भाऊ म्हणाला, "गुरुजी, बरोबर हाय तुमचं. आपण जसे हाओत तसं जावं. घेतलं तर घेतलं."

तिथं बसलेला एक तरणा पोरगा हसून म्हणाला, "काका, जसे हाओत तसे गेलो ना, तं गेटावरचाच माणूस इचारते, कोणाचा डबा आणला म्हणून."

दोन्ही बाजूंनी बोलणं सोपं आहे. साधेपणाचं कौतुक करायला आपल्याला फार आवडतं, दुसऱ्याच्या साधेपणाचं तर जास्तच. पण गुरुजींच्या बोलण्यात खरोखर एक काटा होता. ऐपत नसताना ऐपतीचं सोंग घ्यावं का? सोंग कुठं सुरू होतं? मला याचं उत्तर पुस्तकात मिळालं नाही, बैलबाजारात मिळालं. माझी अर्धी जिंदगी बैलाच्या मागं गेली आहे.

बैल विकायला न्यायचा तर आदल्या दिवशी त्याला नदीवर नेऊन घासून धुतात. शिंगं साळतात, त्यांना तेल लावतात, गळ्यात नवा गोंडा बांधतात. पायाचा चिखल काढतात. याला बाजारात कोणी फसवणूक म्हणत नाही. न धुता बैल आणला तर उलट गिऱ्हाईक म्हणतं, ज्याला आपल्या जनावराची कदर नाही त्याच्या दावणीचं जनावर काय घ्यायचं. पण याच बाजारात दुसराही एक प्रकार चालतो. बैलाचं वय दातावर ओळखतात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा म्हणून विकणारे लोक आहेत. लंगडत्या बैलाला औषध टोचून तासभर सरळ चालवणारेही आहेत. हे पाप. शिंगाचं तेल आणि दाताची कानस, दोन्ही एकाच बाजारात, एकाच दिवशी, पण एक शिष्टाचार आहे आणि दुसरी लबाडी. फरक एवढाच की तेल बैलाविषयी काहीच सांगत नाही, धन्याच्या तयारीविषयी सांगतं. कानस बैलाविषयी खोटं सांगते.

पोरीला पाहायला पाहुणे येतात तेव्हा आपण शेजारून खुर्च्या आणतो, कपबशा आणतो, कधी गादीवरची चादरही आणतो. पाहुण्यालाही ते ठाऊक असतं, कारण त्याच्या घरी पाहुणे येतात तेव्हा तोही तेच करतो. याला कोणी खोटं म्हणत नाही. पण भावकीचं वावर दाखवून "हे आपलंच" म्हटलं तर लग्नानंतर त्या पोरीच्या जिवाला घोर लागतो. तर मी गुरुजींना म्हटलं, "मागून आणलेला बूट हा मागून आणलेल्या कपबशीच्या जातीचा हाय. पोरानं मार्कशीट मागून नेली नाही ना? मंग झालं."

गुरुजी म्हणाले, "अन् साहेबानं त्या बुटाकडं पाहूनच घेतलं तं?"

हा प्रश्न मात्र मोठा होता. शिंगाचं तेल पाहून बैल घेणारं गिऱ्हाईक असेल तर दोष कोणाचा? माझ्या मते गिऱ्हाइकाचा. शहाणं गिऱ्हाईक शिंगाकडं पाहून हसतं आणि सरळ बैलाचं तोंड उघडतं. मग खूर पाहतं, चालवून पाहतं, जमलं तर जुंपून पाहतं. तपासायचं काम घेणाऱ्याचं. खुर्चीवर बसलेल्या माणसानं आपलं काम केलं नाही आणि पायाकडं पाहून निकाल दिला, तर त्याचा भार बूट घालणाऱ्या पोराच्या माथी का मारायचा?

तरी बुटालाच एवढा मान कसा मिळाला, हे मला टोचत होतं, कारण आपल्या देशात पायातली वस्तू कधीच नुसती पायातली वस्तू नव्हती. माझे आजोबा सांगायचे, गावातला चांभार बलुत्यावर साऱ्या गावाच्या वहाणा शिवायचा, विहिरीची मोट शिवायचा, आसूड वळायचा. पण वाड्यापुढून जाताना त्याच्या जातीच्या माणसाला स्वतःच्या वहाणा काढून हातात धराव्या लागत. ज्याच्या हातानं गावाचे पाय झाकले त्याचेच पाय उघडे. आजोबा हे सांगताना आवाज खाली घेत, आणि ते मला त्या गोष्टीइतकंच लक्षात आहे.

इंग्रजांनीही हाच खेळ आपल्या पद्धतीनं खेळला. साहेबापुढं जायचं तर हिंदी माणसानं जोडे बाहेर काढायचे, असा रिवाज होता. मग 1854 साली कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या सरकारनं ठराव केला की विलायती पद्धतीचे बूट आणि मोजे घातलेल्या हिंदी गृहस्थानं सरकारी प्रसंगी ते काढले नाहीत तरी चालेल. देशी जोडा घालणाऱ्याला ही सवलत नव्हती. म्हणजे पाय तोच, कातडंही बहुतेक इथल्याच गुराचं, पण शिवण विलायती असली की आत प्रवेश. या ठरावाला पावणेदोनशे वर्षं होत आली. पुतण्याच्या मेलमधली शेवटची ओळ मला त्याच ठरावाची पणती वाटते.

आणि गंमत पाहा. 2025 च्याच जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीनं पुरुषांच्या फॅशन शोमध्ये थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर चालवल्या. आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडं ओरड झाली तेव्हा कुठं मान्य केलं. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. तीच चप्पल घालून आमचं पोरगं मुलाखतीला गेलं असतं तर गावंढळ ठरलं असतं.

गुरुजींनी मग महात्मा फुल्यांचं उदाहरण काढलं. खरं उदाहरण आहे. 1888 च्या मार्चमध्ये पुण्यात राणी व्हिक्टोरियाच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी, मेजवानी होती. दागिन्यांनी मढलेल्या लोकांत जोतिराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राजपुत्राला त्यांनी सुनावलं की ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यात जा. गांधीजी 1931 साली गोलमेज परिषदेला लंडनला गेले तेव्हा बादशहाच्या राजवाड्यात पंचा, शाल आणि चपलांवर गेले. गुरुजींचं म्हणणं असं की मोठी माणसं पोशाखाला भ्याली नाहीत.

मी म्हटलं, गुरुजी, त्याच गोलमेज परिषदेत बाबासाहेब आंबेडकरही होते आणि ते सूट-बुटात होते. ते काय भ्याले होते? दिवाणाच्या घरी जन्मलेला बॅरिस्टर पंचा नेसला तर जग म्हणतं केवढा त्याग. ज्याला शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवलं, तो पंचा नेसून गेला असता तर जग म्हणालं असतं, हे तर असेच असतात. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं की जातीची ओळख सांगणारी लुगड्याची ती पद्धत सोडा, ते जाडजूड दागिने टाका, स्वच्छ नीट राहा. पोशाख हा त्यांच्यासाठी मिरवायचा विषय नव्हता, अंगावरचा जुना शिक्का पुसायचा विषय होता. आणि फुले त्या दिवशी काही मागायला गेले नव्हते. ते कंत्राटदार होते, पुण्याच्या नगरपालिकेत बसलेले गृहस्थ होते. त्यांचा वेष ही दुसऱ्यांच्या वतीनं दिलेली साक्ष होती. आपलं पोरगं साक्ष द्यायला चाललं नाही, काम मागायला चाललं आहे. ज्याच्याजवळ बूट आहे त्यानं तो काढून ठेवला तर तो साधेपणा. ज्याच्याजवळ नाहीच, त्याच्याकडून साधेपणाची अपेक्षा करणं मला बरं वाटत नाही. गरिबाच्या अंगावर आपली तत्त्वं वाळत घालू नयेत.

गुरुजींनी यावर काही उत्तर दिलं नाही. पटलं म्हणून नाही, तेवढ्यात मेहकरची एसटी आली आणि त्यांना बँकेत जायचं होतं.

वादाचा निकाल शेवटी पायानंच लावला. सामायिक बूट आठ नंबरचा आणि पुतण्याचा पाय नऊ. लहानपणापासून ढेकळात अनवाणी हिंडलेल्या पायाची बोटं पसरतात, ती बुटात मावत नाहीत. कोंबून पाहिला, तर त्या देवपण आलेल्या बुटाचा तळ टाचेकडून चुरा होऊन हातात आला. वर्षभर कॅरीबॅगमध्ये बांधून माळ्यावर पडलेला. फोमसारख्या तळाच्या बुटाचं असंच होतं. वापरून झिजत नाही तेवढा तो न वापरता सडतो. भावजय एवढंच म्हणाली, "आता नवा घ्या. पोराले चप्पलीवर नाही धाडायचं."

नवा घ्यायचा म्हणजे काय, तर सोयाबीन. 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता, भावाला बाजारात मिळत होते 4,100. भावानं अर्धं क्विंटल घातलं आणि आम्ही तिघं संध्याकाळी मेहकरला गेलो. संध्याकाळी अशासाठी की दिवसभराच्या चालण्यानं पाय थोडा फुगतो. सकाळी नीट बसलेला बूट दुपारनंतर चावतो. दुकानदारानं आधी टोकदार नाकाचा, चकचकीत, वर पितळी बकल असलेला काढला. मी म्हटलं, हा नवरदेवाचा. आपल्याला असा दाखवा की ज्याच्याकडं कोणाचं लक्षच जाणार नाही. मुलाखतीच्या बुटाची माझी व्याख्या एवढीच आहे. काळा, लेसचा, साधा, पुढून गोलसर. रेक्झिन सहाशेत मिळत होतं, पण ते मुडपतं तिथं पंधरा दिवसांत तडकतं. कातड्याला सुरकुती पडते, पण ते पायाचं ऐकतं. पुतण्यानं जाड मोजे घालून, उभं राहून, चालून पाहिलं. बसल्या पायावर बूट घेऊ नये. पुढं अंगठ्याएवढी जागा ठेवली. काळा पट्टा घरात होताच. मोजे गडद आणि लांब घेतले, कारण बसल्यावर पँट वर सरकते आणि उघडी नडगी दिसते. दोन हजार पन्नास रुपये झाले. अर्ध्या क्विंटलचा हिशोब तंतोतंत बसला.

भाऊ दुकानाबाहेर येऊन म्हणाला, "दादा, येवढ्यात माझ्या पाच वर्षांच्या चपला आल्या असत्या."

खोटं नव्हतं. मी काही बोललो नाही.

आठ दिवस पोरगं घरात मोज्यासकट बूट घालून हिंडलं. तसं न केलं तर नवा बूट ऐन वेळी टाच सोलून काढतो आणि सगळं लक्ष उत्तरात राहण्याऐवजी टाचेत जातं. त्याची बहीण तेव्हा नीटचा अभ्यास करत होती. ती भावाच्या बुटांकडं पाहून म्हणाली, "मोठे बाबा, आमच्या परीक्षेले बूट चालतच नाही. चप्पल नाहीतर सँडल." खरंच तसा नियम आहे, कॉपी होऊ नये म्हणून. एकाच घरातल्या दोन लेकरांना दोन दारं. एका दारात चप्पलवाला खाली पडतो, दुसऱ्या दारात बूटवाला. आणि पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरला आमची कितीतरी पोरं दोन्ही टाकून अनवाणीच पळतात.

पुण्याला तो चपलेवर गेला, बूट पिशवीत. स्टँडवर तोंड धुऊन बूट घातले, रात्री केलेल्या पॉलिशवर फडकं मारलं. परत आल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. गेटावरच्या सिक्युरिटीवाल्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं, बुटावर नजर थांबवली आणि "या सर" म्हणाला. बोलण्यावरून तो आपल्याच भागातला, वाशिमकडचा वाटला. त्याच्या स्वतःच्या पायातले बूट कंपनीनं दिलेले, एका बाजूनं उसवलेले. आत साहेब लोकांनी पायाकडं पाहिलंच नाही. "मोठे बाबा, मधात टेबल होता," तो म्हणाला आणि हसला.

टेबलापलीकडून त्यांनी विचारलं, वडील काय करतात? एका मित्रानं त्याला शिकवून ठेवलं होतं, अ‍ॅग्री बिझनेस म्हण. बिझनेस म्हटलं की वजन पडतं. तो म्हणाला, "शेती. चार एकर, कोरडवाहू. एक विहीर आहे, मार्चपर्यंत पुरते." हे ऐकून मला बुटापेक्षा जास्त बरं वाटलं. मित्रानं सांगितलेली ती कानस होती. पुढं त्यांनी विचारलं, कोरडवाहू तर विहिरीवर मोटर कोणती, आणि मग पंधरा-वीस मिनिटं मोटरवरच बोलणं झालं. एक फेज गेल्यावर मोटर का जळते, स्टार्टरमधला रिले काय करतो, घरची जळालेली मोटर त्यानं कशी भरून आणली. म्हणजे त्या माणसांनी बैलाचं तोंड उघडून पाहिलं. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण एक गोष्ट त्यानं शेवटी सांगितली, ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी एक पोरगा होता, चपलेवर आलेला. बाकाखाली पाय आत ओढून बसला होता, कोणी जवळून गेलं की आणखी आत घ्यायचा. पुतण्या म्हणाला, "माझं आधी झालं असतं तं देऊन टाकले असते मी बूट. पण त्याचा नंबर आधी लागला." दिले असते का, हे मी त्याला विचारलं नाही. तो पोरगा आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. त्याचं तोंड उघडून पाहिलं की नाही, कोण जाणे. पाय आत ओढून बसलेल्या माणसाच्या तोंडून त्याला येतं तेही नीट निघत नाही, एवढं मात्र मी पाहिलेलं आहे, तहसीलच्या व्हरांड्यात, दवाखान्यात, सगळीकडं. बूट साहेबासाठी नसतोच बहुतेक. तो घालणाऱ्याचे पाय बाकाखालून बाहेर काढण्यासाठी असतो. त्या पोराला माझ्याकडं उत्तर नाही. टोल भरला की गाडी पुढं जाते हे मी पुतण्याला सांगू शकलो, कारण आमच्याकडं विकायला अर्धं क्विंटल सोयाबीन तरी होतं.

पुतण्याला नोकरी लागली. पहिल्याच दिवशी कंपनीनं त्याला पुढं लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज दिले. शॉपवर तेच घालावे लागतात. दोन हजार पन्नासचा बूट एका दिवसाचा मानकरी होऊन दिवाळीत गावाला परत आला. गल्लीतल्या एका पोराचा साखरपुडा झाला तेव्हा तो घेऊन गेला, नऊ नंबर त्याला सैल होत होता तरी. आता माळ्यावर ठेवायचा नाही हे आम्ही शिकलो आहोत. भावाचाही पाय नऊच. तळ सडू नये म्हणून महिन्यातून एकदा तो घालायचा, असं भावजयीनं त्याला बजावलं आहे. तो कुरकुर करत घालतो, धोतरावर.

मागच्या महिन्यात तो बूट घालूनच मार्केटात सोयाबीनचा भाव पाहायला गेला होता. संध्याकाळी ओट्यावर येऊन लेस सोडताना सांगत होता, "दादा, हमालानं आज मले रस्ता देल्ला. व्यापारी वाटलो वाटते त्याले." मग थोडा वेळ बूट हातात धरून बसला, आणि म्हणाला, "भाव मात्र कालचाच सांगतला."